काळा किती काळा, पांढरा किती पांढरा?

टीव्हीवर काहीतरी पांढरंशुभ्र दिसेल अशी वेळ गाठा. कसोटी सामन्यातले खेळाडू चालतील, हिमालयातल्या बर्फावरचा माहितीपटही चालेल. आता एक भिंग घ्या आणि त्या पांढऱ्या भागापाशी धरून बघा. काय दिसलं? पांढरं काहीच नाही! तिथे लाल, हिरवे आणि निळे ठिपके एकमेकांना खेटून ओळीनं बसलेत. भिंग बाजूला करून चार पावलं मागे सरका, की खेळाडूचा शर्ट पुन्हा पांढराफेक.

लाल, हिरवा आणि निळा अशा तीन ठिपक्यांच्या एका गटाला पिक्सेल म्हणतात. (काही ओलेड टीव्हींमध्ये चौथा, पांढरा ठिपकाही असतो. तुमच्या भिंगाखाली तो दिसला तर गोंधळू नका.) फुल एचडी टीव्हीत आडव्या ओळीत १९२० पिक्सेल असतात आणि अशा १०८० ओळी असतात. गुणाकार करा: २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकात तीन ठिपके, म्हणजे साठ लाखांच्या वर ठिपके झाले. ते सगळे सेकंदाला निदान पन्नास वेळा आपला उजेड नव्यानं ठरवतात. समोर बसून आपण मात्र चिवडा खात मालिका बघत असतो!

या लाखो ठिपक्यांनी कसं वागायचं, हे आपल्याला थोडंफार ठरवता येतं. रिमोटवर सेटिंगचं बटण दाबलं की ‘पिक्चर’ नावाचं एक पान उघडतं. त्यात ब्राइटनेस, काँट्रास्ट, शार्पनेस, कलर अशी नावं आणि त्यांच्यापुढे आकडे असतात. बऱ्याच घरांत हे पान कधी उघडलेलंच नसतं. टीव्ही येतो, भिंतीवर चढतो आणि खोक्यातून निघाला तसाच वर्षानुवर्षं चालत राहतो. मला याची खरंच हळहळ वाटते, कारण या पानामागे भौतिकशास्त्र आहे, डोळ्याचं शास्त्र आहे, आणि हो, एक गाजरसुद्धा आहे. गाजराकडे येऊच.

त्याआधी मेन्यूला हात न लावता करायची एक तपासणी. टीव्हीवर जे चित्र येतंय, ते मुळात केवढं आहे?

आपल्याकडच्या साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी पडद्यावर जागा आहेत २०,७३,६००. भागून बघा, बरोबर पाच! म्हणजे पाच जागांसाठी माहिती आली एकाच ठिपक्याची. उरलेल्या चार जागा टीव्ही शेजारपाजारचे ठिपके बघून अंदाजानं भरतो. आणि फोर-के टीव्ही असेल तर? त्याच्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. पुन्हा भागा. बरोबर वीस! एक ठिपका खरा आणि एकोणीस अंदाजाचे. टीव्ही जितका मोठा आणि नवा, तितकं त्याचं अंदाजाचं काम जास्त. नव्या मोठ्या टीव्हीवर जुनी वाहिनी धुरकट का दिसते, हे आता तुम्ही घरच्यांना गणित मांडून सांगू शकता.

म्हणून आधी बघायचं ते हे, की आपण वाहिनीची एचडी आवृत्ती लावली आहे का. मग टीव्हीच्या मागे डोकवा. सेट-टॉप बॉक्सपासून पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल टोकांची वायर आली असेल, तर पिवळ्या टोकातून चित्र येतं आणि उरलेल्या दोन टोकांतून आवाज. या पिवळ्या टोकातून एचडी चित्र येऊच शकत नाही. त्यासाठी चपट्या टोकाची एचडीएमआय वायर लागते. ती जोडण्याचं काम घरातल्या मोठ्यांना करू द्या, तुम्ही बॅटरी धरा.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की सेटिंगची बटणं चित्रात नवं काही आणू शकत नाहीत. जे आलंय ते नीट दाखवणं किंवा झाकून टाकणं, एवढंच त्यांच्या हातात असतं. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

तर आता गाजर!

१८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिश रायनित्झर नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. त्यापासून बनवलेला एक पांढरा पदार्थ त्यांनी तापवला. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळला, पण त्याचा झाला गढूळ द्रव. आणखी तापवला तेव्हा १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकदम नाहीसा झाला आणि द्रव नितळ दिसू लागला. एकच पदार्थ दोनदा वितळतो? रायनित्झर चक्रावले. त्यांनी तो पदार्थ जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांच्याकडे पाठवला. लेमान यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं, की मधल्या अवस्थेत हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखे शिस्तीत उभे असतात. वाहणारा स्फटिक! यालाच आपण आज द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल म्हणतो. एलसीडी टीव्हीतल्या ‘एलसीडी’मधला ‘एलसी’ तो हाच. दुकानात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात, त्यातही पडदा बहुधा द्रवस्फटिकांचाच असतो, फक्त मागचे दिवे एलईडीचे असतात.

द्रवस्फटिक स्वतः अजिबात उजेड देत नाहीत. उजेड पडद्यामागच्या दिव्यांचा. प्रत्येक ठिपक्यासमोर द्रवस्फटिकांचा इवलासा थर खिडकीच्या झडपांसारखा बसलेला असतो. विजेचा दाब बदलला की रेणू वळतात आणि त्यांच्यामधून जाणारा उजेड कमी-जास्त होतो. घरात कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची एक काच डोळ्यासमोर धरून टीव्हीकडे बघा आणि ती हळूहळू फिरवा. एका कोनात अख्खा पडदा काळा पडेल. टीव्ही चालू आहे, आवाज येतोय आणि चित्र गायब! पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावत असतो आणि गॉगलची काच त्या दिशेला आडवी झाली, की त्याला अडवते. पडद्याच्या आतही उजेड अडवण्यासाठी अशाच काचा वापरलेल्या असतात.

ही रचना कळली की मेन्यूतली तीन नावं आपोआप सुटतात. बॅकलाइट म्हणजे मागचा दिवा. तो वाढवला की अख्खं चित्र उजळतं. काँट्रास्ट ठरवतो पांढरा किती पांढरा. आणि ब्राइटनेस? नावावरून वाटतं की यानं चित्र उजळत असेल. पण बहुतेक टीव्हींमध्ये ब्राइटनेस ठरवतो काळा किती काळा! काही कंपन्या मात्र मागच्या दिव्यालाच ब्राइटनेस म्हणतात आणि काळ्याच्या बटणाला ‘ब्लॅक लेव्हल’ असं नाव देतात. म्हणून नावावर विसंबू नका. आकडा बदला आणि पडद्यावर काय बदललं ते बघा.

आता जरा आकड्यांची गंमत. डिजिटल चित्रात प्रत्येक ठिपक्याचा उजेड एका आकड्यानं लिहिलेला असतो. नेहमीच्या चित्रात तो आकडा ० ते २५५ मधला असतो. मग काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५, बरोबर? टीव्हीच्या जगात तसं नाही. तिथे काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. चित्र कॅमेऱ्यातून आपल्या घरापर्यंत येताना थोडं हेलकावतं. १६ चा १४ झाला किंवा २३५ चा २३८ झाला तरी काही कापलं जाऊ नये, म्हणून दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडलेली आहे. मला हा ठराव फार आवडतो. ज्यांनी तो केला, त्यांनी चूक होणारच हे आधी मान्य केलं आणि तिच्यासाठी जागा राखून ठेवली.

समजा चित्रपटात रात्रीचा प्रसंग आहे. काळ्या कोटातला माणूस अंधारात उभा आहे. त्याच्या कोटाच्या घड्या म्हणजे १८, २०, २३ असे आकडे. ब्राइटनेस फार कमी असेल तर हे सगळे आकडे काळ्यात बुडतात आणि कोट म्हणजे नुसता काळा डाग दिसतो. ब्राइटनेस फार जास्त असेल तर १६ सुद्धा राखाडी होतो आणि रात्र धुक्यात सापडल्यासारखी वाटते.

नेमकी जागा शोधायची कशी? संध्याकाळी खोलीतला उजेड कमी करा आणि असा चित्रपट लावा ज्यात चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्या म्हणजे अस्सल १६, दुसरं काही नाही. ब्राइटनेस वाढवत न्या, पट्ट्या राखाडी होतील. आता एकेक आकडा खाली या. पट्ट्या काळ्या झाल्या, पण माणसाच्या केसांच्या बटा अजून वेगळ्या दिसताहेत, तिथे थांबा. एलसीडीच्या झडपा कितीही घट्ट मिटल्या तरी थोडा उजेड झिरपतोच, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत पट्ट्या किंचित उजळच राहतील, त्याला इलाज नाही. ओलेड टीव्हीत मागे दिवाच नसतो. तिथला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा हवा असेल तेव्हा चक्क विझतो.

काँट्रास्टसाठी पुन्हा कसोटी क्रिकेट. फलंदाजाच्या पांढऱ्या शर्टाकडे बघा. काँट्रास्ट फार वाढवलेला असेल तर २२५ पासून २३५ पर्यंतचे सगळे आकडे एकसारखे पांढरे होतात. मग शर्टाच्या चुण्या जातात, पॅडच्या पट्ट्या जातात आणि आकाशातल्या ढगांचा सपाट कागद होतो. तो कमी करत या. चुण्या परत आल्या की समजा, तुम्ही लपलेलं चित्र बाहेर काढलंत. तुम्ही ते बनवलं नाही बरं का! ते केव्हाचं घरात येत होतं.

मग कंपनीनंच हे सगळं नीट करून का दिलं नाही? दुकान आठवा. छताला लखलखणारे दिवे आणि भिंतीवर ओळीनं लावलेले टीव्ही. अशा जागी जो टीव्ही सगळ्यात झगझगीत, त्याच्याकडे गिऱ्हाइकाचं लक्ष आधी जातं. त्यासाठी टीव्हीत ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाचा एक मोड असतो, ज्यात सगळेच आकडे चढवून ठेवलेले असतात. नवा टीव्ही पहिल्यांदा चालू करताना तो बहुधा विचारतो, की तुम्ही दुकानात आहात की घरी? तेव्हा ‘होम’ निवडायचं. आणि पिक्चर मोडमध्ये ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ असं काही असेल तर तिथून सुरुवात करायची. तो मोड खऱ्या चित्राच्या सगळ्यात जवळ असतो.

आता माझं सगळ्यात लाडकं बटण, शार्पनेस.

शार्पनेस म्हणजे रेखीवपणा, मग तो शंभरावर ठेवला तर चित्र सगळ्यात रेखीव होईल, असं कुणालाही वाटेल. करून बघा. बातम्यांची वाहिनी लावा, शार्पनेस पूर्ण वाढवा आणि अक्षरांच्या कडेला बारकाईनं बघा. काळ्या अक्षरांभोवती एक पांढरट किनार दिसेल. ती किनार स्टुडिओत नव्हती! टीव्हीनं ती स्वतः काढली आहे. जिथे गडद आणि फिकट भाग एकमेकांना भिडतात, तिथे तो गडद बाजू आणखी गडद करतो आणि फिकट बाजू आणखी फिकट करतो. त्यामुळे कड ठळक वाटते. पण त्या किनारीखाली केसांची टोकं, गवताची पाती, साडीच्या काठाची बारीक नक्षी झाकली जाते.

आणि कमाल म्हणजे आपले डोळेही अगदी हेच करतात. एका कागदावर पेन्सिलीनं राखाडी रंगाच्या पट्ट्या रंगवा. पहिली फिकट, दुसरी थोडी गडद, तिसरी आणखी गडद. प्रत्येक पट्टी आतून एकसारखी हवी, मध्ये रेघ नको. आता नीट बघा. जिथे दोन पट्ट्या भेटतात तिथे फिकट पट्टीची कड जास्तच उजळ वाटते आणि गडद पट्टीची कड जास्तच काळी. १८६५ साली एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हा प्रकार नीट मांडला. आवाजाच्या वेगाशी तुलना करून विमानाचा वेग सांगतात, त्या ‘माक’ आकड्यातले माख ते हेच.

डोळा हे का करतो, याचं उत्तर मिळालं एका समुद्री प्राण्याकडून. त्याला हॉर्सशू क्रॅब म्हणतात. नावात खेकडा असला तरी तो नात्यानं कोळी आणि विंचवांच्या जवळचा. त्याचे भाऊबंद आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतात. हाल्डन केफर हार्टलाइन या अमेरिकी शास्त्रज्ञानं अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या हॉर्सशू क्रॅबच्या डोळ्यांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की डोळ्यातला एक भाग उजेडानं चेतवला गेला की तो आपल्या शेजाऱ्यांचा संदेश दाबतो. सगळीकडे सारखा उजेड असेल तर सगळेच एकमेकांना सारखं दाबतात. पण कडेवर हा तोल बिघडतो. उजळ बाजूच्या शेवटच्या भागाला अंधाऱ्या शेजाऱ्याकडून कमी दाब बसतो, म्हणून तो जास्त जोरात संदेश पाठवतो. कड ठळक होते. हार्टलाइन यांना १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळालं, ते डोळ्याच्या अशाच अभ्यासासाठी.

म्हणजे तुमच्याकडे निसर्गानंच दिलेलं शार्पनेसचं बटण आहे आणि ते कायम चालू असतं. टीव्हीनं त्यावर आपली आणखी भर घालायची गरज नाही. अक्षरांभोवतीची पांढरी किनार नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणा. काही टीव्हींत तो शून्यापर्यंतही जाईल. पहिले दोन दिवस चित्र मऊ वाटेल. मग एके दिवशी अचानक आजोबांच्या वयाच्या एखाद्या नटाच्या चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्या दिसायला लागतील.

रंगांकडे वळू. इथे एका मुलीची गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी टीव्हीवर दिवसभर कार्यक्रम नसायचे. मधल्या वेळात एक स्थिर चित्र दाखवत, म्हणजे दुकानदारांना आणि दुरुस्ती करणाऱ्यांना ते बघून टीव्ही जुळवता यायचा. आपल्या दूरदर्शनवरही मोठं वर्तुळ आणि रंगीत पट्टे असलेलं असं चित्र यायचं, आजी-आजोबांना विचारा. वर्तुळ अंडाकृती दिसलं की समजायचं, चित्र ताणलं गेलंय. ब्रिटनमध्ये बीबीसीची रंगीत सेवा १९६७ साली सुरू झाली, तेव्हा जॉर्ज हर्सी या अभियंत्यानं असं एक चित्र तयार केलं. त्यात मध्यभागी त्यांची आठ वर्षांची मुलगी कॅरोल फळ्यावर फुली-गोळा खेळताना दिसते. शेजारी एक विदूषक बाहुला. फळ्यावरची फुली नेमकी पडद्याच्या मध्यबिंदूवर होती! बाहुल्याच्या अंगावर हिरवं कापड चढवलं होतं, कारण चित्रात हिरवा रंग हवा होता. ते चित्र पुढे कित्येक वर्षं, हजारो तास ब्रिटनमधल्या घराघरांत दिसत राहिलं.

नुसते रंगीत पट्टे चालले असते, मग मुलगी कशाला? कारण पट्टा किंचित चुकीचा लाल दिसला तरी आपल्याला कळत नाही. चेहरा चुकला तर मात्र लगेच कळतं. माणसाच्या त्वचेचा रंग आपण जन्मापासून रोज बघत आलोय. म्हणून ‘कलर’चा आकडा लावताना गवताकडे किंवा झेंड्यांकडे बघू नका, चेहऱ्यांकडे बघा. बातम्या सांगणारी ताई उन्हात भाजल्यासारखी लालबुंद दिसत असेल तर कलर कमी करा. आजारी, फिकट दिसत असेल तर वाढवा. आपल्याकडे सावळे, गोरे, गव्हाळ असे कितीतरी वर्ण आहेत. चांगला लावलेला टीव्ही त्यांच्यातला फरक दाखवतो, सगळ्यांना एकाच नारिंगी छटेत रंगवत नाही.

याच पानावर ‘कलर टेम्परेचर’ असंही काहीतरी असतं. रंगाला तापमान? हो, आणि ते ताऱ्यांवरून समजतं. हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्र बघा. त्यातला काक्षी हा तारा तांबूस दिसतो. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,५०० केल्विन आहे. जवळच चमकणारा व्याध निळसर पांढरा असतो, तो जवळपास १०,००० केल्विनचा. जितकं तापमान जास्त तितका प्रकाश निळसर. टीव्हीच्या पांढऱ्या रंगासाठी ६,५०० केल्विन हा आकडा ठरलेला आहे. दुपारचं ऊन आणि निळं आकाश यांचा मिळून जो उजेड होतो, त्याच्या जवळचा. दुकानी मोडमध्ये पांढरा यापेक्षा खूपच निळसर असतो, कारण निळसर पांढरा जास्त स्वच्छ वाटतो. मेन्यूत ‘वॉर्म’ निवडलं की तो ६,५०० च्या जवळ येतो.

तपासायची युक्ती अशी. ‘कलर’चा आकडा थोडा वेळ शून्य करा. टीव्ही कृष्णधवल होईल. किंवा आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ लावा, तो तर मुळातच कृष्णधवल आहे. आता भिंती, कपडे, आकाश यांचा राखाडी रंग खरंच राखाडी आहे की त्यात निळं मिसळलंय, हे साफ दिसतं. ‘वॉर्म’ केल्यावर सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल. घाई करू नका, डोळ्यांना सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

‘श्यामची आई’ लावलाच आहे तर आणखी एक बघा. जुने चित्रपट आजच्या टीव्हीएवढे रुंद नसतात. डावीकडे-उजवीकडे काळी जागा सुटायला हवी. ती सुटली नसेल आणि सगळी माणसं बसकी, जाडी दिसत असतील, तर चित्र ताणलंय. ‘आस्पेक्ट रेशो’ किंवा ‘पिक्चर साइज’मध्ये जाऊन ते मूळ आकारावर आणा. आणि बातम्यांची खालून सरकणारी ओळ कडेला कापली जात असेल तर ‘ओव्हरस्कॅन’ बंद करा, किंवा ‘स्क्रीन फिट’, ‘जस्ट स्कॅन’ असं काही असेल ते चालू करा. जुन्या पोटफुगऱ्या काचेच्या टीव्हींच्या कडा चौकटीत झाकल्या जायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून दाखवत. तो टीव्ही गेला, सवय राहिली.

एका बटणाशी मात्र माझं पटत नाही. त्याला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, पण नावात बहुधा ‘मोशन’ असतं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. पडदा मात्र सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला अडीच वेळा येतात. अर्ध्या वेळेला चित्र कसं दाखवणार? म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा. त्यामुळे कॅमेरा हळू सरकताना हलके धक्के जाणवतात. (१२० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर हा प्रश्न येत नाही. का, ते तुम्हीच भागाकार करून सांगा.) यावर टीव्हीनं उपाय काढला, की दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः कल्पनेनं चित्रं घालायची. हालचाल गुळगुळीत होते खरी, पण नटानं जी हालचाल केलीच नाही ती आपण बघत बसतो. वेगानं जाणाऱ्या वस्तूच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ या अभिनेत्यानं दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांच्यासह एक चित्रफीत प्रसिद्ध केली आणि चित्रपट बघताना हे बटण बंद करा अशी लोकांना विनंती केली. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण तुमच्या घरी क्रिकेट बघताना कुणाला ते चालू आवडत असेल, तर चित्रपटापुरतं बंद करायची तडजोड करा.

हे सगळं करण्याआधी दोन गोष्टी. घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि आत्ताचे सगळे आकडे वहीत उतरवून घ्या किंवा फोनवर फोटो काढा. एका वेळी एकच आकडा बदला. दोन एकदम बदलले तर कशानं काय झालं ते कळणार नाही, प्रयोगशाळेतही हाच नियम असतो. गडबड झालीच तर ‘रीसेट’ आहे. पडद्यावर बोटांचे डाग असतील तर टीव्ही बंद करून कोरड्या, मऊ कापडानं हलक्या हातानं पुसा, पाणी मारू नका.

खोलीही बघा. खिडकीचा उजेड थेट पडद्यावर पडत असेल तर कुठलाच आकडा काळ्याला काळा करू शकत नाही, आधी खिडकीचा पडदा ओढा. आणि रात्री अगदी अंधारात बघत असाल तर टीव्हीच्या मागे, भिंतीवर उजेड पडेल असा एक मंद दिवा लावा, बॅकलाइट थोडा खाली आणा. डोळे कमी थकतात आणि वीजही वाचते, कारण एलसीडी टीव्हीत सगळ्यात जास्त वीज मागचा दिवाच खातो.

शेवटी घरातल्या सगळ्यांना समोर बसवा, कारण सगळ्यांचे डोळे सारखे नसतात. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि उजेडही आत कमी पोचतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू १९२३ साली काढला, तेव्हा त्यांना जग निळंच निळं दिसायला लागलं. इतकी वर्षं पिवळ्या भिंगातून बघितल्याचा तो परिणाम होता. तुम्हाला अगदी बरोबर वाटणारं चित्र आजीला अंधारलेलं वाटू शकतं, आणि तिचं म्हणणं खरंच असतं. बहुतेक टीव्हींत एकापेक्षा जास्त पिक्चर मोड असतात आणि प्रत्येकाचे आकडे वेगळे साठवता येतात. एक तुमचा ठेवा. दुसऱ्यात बॅकलाइट आजी सांगेल तिथपर्यंत चढवा, ‘बास’ म्हणेल तिथे थांबा, आणि संध्याकाळी तिच्या मालिकेची वेळ झाली की कुठलं बटण दाबायचं ते तिला दाखवून ठेवा.